परक्यांची वस्ती, देवाचे घर
(ग्रामीण ॲंग्लिकन मंदिराचा इतिहास, रचना व बोध)

अभ्यासासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती २३:१-२०, लूक २४:१३-३५, इफिसकरांस २:११-२२, १ पेत्र २:९-१२



'पॅरिश' हा शब्द आपल्या कानांवरून अनेकदा गेलेला असतो. पॅरिशचा पाळक, पॅरिशची सभा, पॅरिशची नोंदवही असे आपण सहज बोलतो. एका मंदिराच्या आधाराने राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा ठरावीक हद्दीतील समूह, एवढाच अर्थ त्या वेळी आपल्या मनात असतो. परंतु या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास तो आपल्याला थेट नव्या कराराच्या ग्रीक भाषेत नेऊन सोडतो, आणि तेथे त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. या लेखात आपण प्रथम तो शब्द पाहू, मग इंग्लंडच्या खेड्यातील मंदिराचा इतिहास व रचना पाहू, आणि शेवटी त्याच नमुन्यावर भारतात उभ्या राहिलेल्या एका मंदिरापाशी थांबून आपल्या मंडळ्यांसाठी काय बोध मिळतो याचा विचार करू.

१. एका शब्दाची वाटचाल

ग्रीक भाषेत 'पारॉइकोस' म्हणजे शेजारी येऊन राहिलेला परका. तो गावात राहतो, कामधंदा करतो, परंतु गावचा नागरिक नसतो. अशा परक्यांच्या मुक्कामाला किंवा वस्तीला 'पारॉइकिया' म्हणत. हाच शब्द लॅटिनमध्ये 'पारोकिया' झाला आणि पुढे इंग्रजीत 'पॅरिश' झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोम येथील मंडळीने करिंथ येथील मंडळीला जे प्रसिद्ध पत्र पाठविले, त्याच्या आरंभीच दोन्ही मंडळ्यांचे वर्णन त्या त्या नगरात परकी म्हणून राहणारी देवाची मंडळी, अशा अर्थाच्या शब्दांत केले आहे. तेव्हा पॅरिश म्हणजे मूळची हद्द नव्हे. पॅरिश म्हणजे उपऱ्यांचा मुक्काम.

पवित्र शास्त्रात या शब्दाची मुळे खोल गेलेली आहेत. साराच्या मृत्यूनंतर अब्राहाम हेथींपुढे उभा राहून आपण येथे परका व उपरी आहोत असे सांगतो आणि पुरण्यापुरती जमीन विकत मागतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्या ठिकाणी जी दोन नामे जोडीने आली आहेत, नेमकी तीच जोडी पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विश्वासणाऱ्यांसाठी वापरतो. उलटपक्षी पौल इफिसकरांस लिहिताना म्हणतो की, तुम्ही आता परके राहिला नाही, देवाच्या घरचे झाला आहात. तेथेही शब्द तोच, 'पारॉइकोस'.

मग पेत्र खरा की पौल? दोघेही खरे. जगात आपण परकेच आहोत. देवाच्या घरात मात्र कोणीही परका नाही. एकच मनुष्य उंबऱ्याच्या बाहेर उपरी आणि उंबऱ्याच्या आत घरचा असतो. हे सूत्र मनात धरून आता आपण इंग्लंडच्या खेड्यात जाऊ.

२. खेड्यातील मंदिराचा इतिहास

इंग्लंडमध्ये मंडळीची घडी बसविण्याचे श्रेय परंपरेने तार्सस येथील थिओडोर यास देतात. तो पौलाच्याच गावचा, ग्रीक भाषिक, आणि वयाची साठी उलटल्यावर कँटरबरीचा आर्चबिशप होऊन ६६९ साली त्या थंड बेटावर पोहोचलेला. म्हणजे इंग्लंडच्या मंडळीला आकार देणारा पुरुष स्वतः अस्सल 'पारॉइकोस' होता. पुढील काही शतकांत गावोगावच्या जमीनदारांनी आपल्या वाड्याशेजारी मंदिरे बांधली व तेथे पाळक नेमले. दहाव्या शतकात उत्पन्नाचा दहावा भाग देणे राजाज्ञेने सक्तीचे झाले. कोणत्या शेताचा दशमांश कोणत्या मंदिरास जावयाचा, हे ठरविण्यासाठी सीमा निश्चित कराव्या लागल्या. अशा रीतीने परक्यांच्या मुक्कामाचा शब्द हद्दीचा शब्द बनला.

या व्यवस्थेत एक ध्यानात ठेवण्याजोगा नियम होता. मंदिराचा पूर्वेकडील भाग, जेथे वेदी असे, तो दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी दशमांशाचा हक्क असलेल्या धर्मगुरूवर असे. लोक बसतात तो मोठा भाग दुरुस्त ठेवणे ही गावकऱ्यांची जबाबदारी असे. एकाच छपराखाली दोन धनी, आणि दोघांनी मिळून पाऊस बाहेर ठेवायचा!

सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली. भिंतींवरील चित्रांना चुना फासण्यात आला, मूर्ती काढण्यात आल्या, दगडी वेदीच्या जागी लाकडी मेज आले. १५३८ साली दोन आज्ञा निघाल्या, त्या विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी. दुसरी, प्रत्येक मंदिरात मोठ्या आकाराचे इंग्रजी पवित्र शास्त्र लोकांना वाचता येईल अशा जागी ठेवावे. इंग्रजी नव्या कराराचा भाषांतरकार विल्यम टिंडेल याला या आज्ञेच्या केवळ दोन वर्षे आधी, १५३६ साली, देहदंड झाला होता. भाषांतराचे काम करणाऱ्या कोणालाही त्या दोन वर्षांच्या अंतराचा विसर पडणे कठीण आहे.

टिंडेलने 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी इमारतीचा भास देणारा 'चर्च' हा शब्द टाळून 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेले लोक, हा शब्द योजला होता. १६११ च्या राजमान्य भाषांतरात मात्र जुना शब्दच ठेवावा असा नियम घालून देण्यात आला. आपल्या मराठीत 'मंडळी' हा शब्द रूढ झाला, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. मंडळी म्हणजे माणसे, हे आपल्या लहान मुलालाही वेगळे सांगावे लागत नाही.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. १५५९ च्या कायद्याने रविवारी उपासनेस न येणाऱ्यास १२ पेन्स दंड होत असे. पुढे मंदिरात दारे असलेली लाकडी बाके आली. भाडे भरणाऱ्या किंवा प्रतिष्ठित घराण्यांच्या बाकांना कडी-कुलूप असे. जमीनदाराच्या बाकाशेजारी कोठे कोठे शेकोटीसुद्धा असे. गरीब मागे, वाऱ्याच्या झोतात. ज्या घरात कोणी परका नसावा, त्या घरात बाकांच्या दारांनी पुन्हा परके निर्माण केले. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्या मंदिरांतून दरवर्षी वाचला जात होता, हे विसरू नये.

३. दारापासून वेदीपर्यंत

आता मंदिराची रचना पाहू. खेड्यातील जुने ॲंग्लिकन मंदिर साधारणतः पूर्व-पश्चिम असते. उपासक पूर्वेकडे, उगवतीकडे तोंड करून बसतात. आवाराच्या प्रवेशाशी पुष्कळदा लहान छपराचे फाटक असते. त्याच्या इंग्रजी नावातील 'लिच' हा जुना शब्द प्रेताचा वाचक आहे. अंत्ययात्रा तेथे थांबे आणि पाळक पुढे येऊन प्रेताचे स्वागत करी. आवारात कबरी असतात व मृतांचे पाय पूर्वेकडे असतात, म्हणजे प्रभूच्या आगमनसमयी ते उठून सामोरे उभे राहतील. अब्राहामाने परदेशात सर्वांत आधी विकत घेतली ती कबरेचीच जागा, हे येथे आठवावे.

मुख्य दार बहुधा दक्षिणेकडील भिंतीत असते व त्यापुढे देवडी असते. मध्ययुगात विवाहविधीचा आरंभ या देवडीतच होत असे. गावचे करारमदारही येथे होत. आत शिरताच बाप्तिस्म्याचे दगडी कुंड लागते. ते दाराजवळ असते यात मोठा अर्थ आहे. बाप्तिस्मा हे घराचे दार आहे; परका येथे घरचा होतो.

पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज या लहान बाजारगावच्या पॅरिश मंदिरात झाला. ते तेराव्या शतकातील, मध्यभागी बुरूज असलेले, क्रूसाकृती मंदिर आहे. भाषेने, वेषाने, अन्नाने सर्वस्वी परकी असलेली एक मराठी विधवा त्या मंदिरात घरची झाली. तरी आपले वेगळेपण तिने उंबऱ्याबाहेर टाकून दिले नाही. पुढे क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरण्याचा प्रश्न निघाला तेव्हा, लॅटिनच का, संस्कृत का नको, असा आग्रह तिने धरला. याच बाईंनी नंतर केडगावी बसून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले. देवाच्या घरचे होण्यासाठी आपली भाषा दारात काढून ठेवावी लागत नाही, हे त्यांच्या जीवनावरून स्पष्ट होते.

कुंडापासून पुढे लोकांची बसण्याची जागा लागते. तिला 'नेव्ह' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'जहाज' या शब्दावरून आला असे मानतात. वर पाहिले की लाकडी छपराची आतील बाजू खरोखरच उलट्या ठेवलेल्या नौकेसारखी दिसते. त्यापुढे कमानीपलीकडे 'चॅन्सेल' लागते. या नावाचे मूळ जाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तेथे गायकवृंद व शेवटी प्रभुभोजनाचे मेज असते. दारापाशी कुंड, वाटेत शास्त्रवाचनाचे पीठ व व्याख्यानपीठ, शेवटी प्रभूचे मेज. परका आत येतो, ऐकतो, आणि पंक्तीला बसतो. ज्यांना वाचता येत नव्हते अशा पिढ्यांना ही वाट पायांनी पाठ झाली होती.

४. बंगळूरातील इंग्लिश खेडे

१८३९ साली केंब्रिजमधील काही तरुणांनी जुन्या मंदिरांच्या अभ्यासासाठी कॅमडेन सोसायटी नावाची संस्था काढली. बाकांची दारे काढून टाकावीत व नवी मंदिरे मध्ययुगीन खेड्यातील मंदिरांच्या नमुन्यावर बांधावीत, असा तिचा आग्रह होता. हा विचार जहाजांबरोबर भारतात आला. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ कुलाब्यास बांधलेले व १८५८ साली समर्पित झालेले सेंट जॉन मंदिर, ज्याला मुंबईकर 'अफगाण चर्च' म्हणतात, ते याच विचाराचे अपत्य होय.

बंगळूरातही तसेच घडले. १८०९ साली येथे इंग्रजांची छावणी वसली. तिच्या गरजेसाठी सेंट मार्क्स हे मंदिर बांधले गेले व १८१६ साली समर्पित झाले. १८५१ साली होली ट्रिनिटी मंदिर झाले. ही मंदिरे छावणीच्या थाटाची. परंतु निवृत्तिवेतन घेऊन येथेच राहिलेल्या सैनिकांची व युरोपीय कुटुंबांची वस्ती छावणीच्या दक्षिणेस वाढली, तेव्हा त्यांच्यासाठी १८७० च्या सुमारास होसूर रस्त्याच्या आरंभी ऑल सेंट्स हे मंदिर उभे राहिले. त्याचा आराखडा रॉबर्ट फेलोज चिझम यांचा. चेन्नईचे सिनेट हाऊस यांचेच. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँट यांच्या मृत्यूनंतर यांनीच पूर्णत्वास नेला. राजवाडे उभारणाऱ्या या वास्तुशास्त्रज्ञाने येथे मात्र भव्यतेचा मोह आवरला. टोकदार कमानी, उतरते छप्पर, बुटका बांधा आणि सभोवार मोठमोठे वृक्ष असे हे मंदिर आहे. बागेतील चर्च अशीच त्याची ख्याती आहे. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसांनी आपल्या आठवणीतले खेडे येथे बांधले.

त्यांच्यावर आठवणीत रमल्याचा आरोप करणे सोपे आहे. परंतु त्याच होसूर रस्त्याने दक्षिणेस सुमारे सात किलोमीटर गेल्यावर सिल्क बोर्ड चौकाजवळ एचएसआर लेआउट लागतो. होसूर व सर्जापूर या दोन रस्त्यांची आद्याक्षरे घेऊन नाव मिळालेली ही वसाहत बंगळूर विकास प्राधिकरणाने अगरा तळ्याच्या परिसरात आखली. हा लेख तेथूनच लिहीत आहे. येथील एका इमारतीत मराठी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, ओडिया अशी घरे एकमेकांशेजारी असतात. नोकरीसाठी आलेले, भाड्याने राहणारे, आज ना उद्या गावी परतू असे म्हणणारे. ग्रीक भाषेत सांगावयाचे तर ही शब्दशः 'पारॉइकिया' आहे. आपणही दिवाळीच्या सुटीत गावच्या मंडळीची आठवण काढतो, आपल्या मराठी गीतांसाठी झुरतो. दीडशे वर्षांपूर्वीचे ते निवृत्त शिपाई आणि आपण यांत फार अंतर नाही.

अंतर पडते ते पुढील प्रश्नावर. परक्यांनी स्वतःसाठी बांधलेले घर इतरांसाठी उघडले की नाही? २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये दक्षिण भारताची मंडळी स्थापन झाली व ॲंग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा एकत्र आल्या. (आपल्या महाराष्ट्रातील ॲंग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताच्या मंडळीत सामील झाल्या, आणि तेथील कॅथीड्रलचे नावही ऑल सेंट्सच आहे.) बंगळूरचे ऑल सेंट्स दक्षिण भारताच्या मंडळीत आले. ज्यांच्यासाठी ते बांधले ते निघून गेले. ज्यांच्यासाठी बांधले नव्हते त्यांनी ते जपले. २०१९ साली मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी मंदिराच्या आवारातील जागा घेण्याची योजना पुढे आली, तेव्हा उपासकांबरोबर मंडळीबाहेरचे नागरिकही वृक्षांसाठी व वास्तूसाठी उभे राहिले. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या युरोपीय गुंतवणूक बँकेपर्यंत तक्रार गेली. परक्यांचे मंदिर शहराचे झाले होते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

५. शरणपूर

आपल्या मराठी भूमीवर या शब्दाचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे प्रकट झाला तो नाशिकजवळ. चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे ॲंग्लिकन मिशनने, १८५० च्या दशकात तेथे एक ख्रिस्ती खेडे वसविले व त्याला 'शरणपूर' असे नाव दिले. विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली तेथे शाळा होती, सुतारकाम व लोहारकाम शिकविण्याची सोय होती. भर समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही तेथे आणली गेली. त्यांना आईबाप नव्हते, देश नव्हता. नाशिकच्या मातीत त्यांना घर मिळाले.

त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७२ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी धाडलेल्या तुकडीत होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचे हृदय आफ्रिकेच्या मातीत पुरताना दफनविधी वाचला तो वेनराइट याने. मग सोबत्यांनी ते शव शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. शरणपूरच्या एका परक्या मुलाने परभूमीत दुसऱ्या परक्याला मूठमाती दिली. भव्य शिखराच्या कोणत्याही मंदिराने 'पॅरिश' या शब्दाचा याहून चांगला अर्थ सांगितलेला नाही.

६. आपल्या मंदिरांविषयी

आज आपल्या पुष्कळ गावी जुनी दगडी किंवा कौलारू मंदिरे पाडून तेथे सिमेंटची मोठी मंदिरे बांधण्याचा विचार चालू आहे. वाढत्या मंडळीला जागा हवी, हे खरे. तथापि पाडण्यापूर्वी मंदिर वाचावे. १८७७ साली इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते : नवे करून दाखविण्यापेक्षा वेळच्या वेळी दुरुस्ती करा. पन्हळी साफ ठेवा, फुटलेले कौल पावसाळ्यापूर्वी बदला. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका; त्याने ओल आत कोंडते व दगड आतून खचतो. नोंदवह्या वाळवीपासून वाचवा, कारण दुष्काळात आसरा मागायला आलेल्या आपल्या पूर्वजांची नावे त्यांतच आहेत.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दाराची दुरुस्ती करा. बाकांची दारे आपण काढली, पण भाषेची, जातीच्या आठवणीची, गावकी-भावकीची दारे राहिली आहेत काय? पुण्या-मुंबईच्या मंडळीत परप्रांतीय मजूर मागच्या बाकावर एकटा बसून परत जातो काय? बंगळूरच्या मंडळीत आपण मराठी लोक दहा वर्षे राहूनही कोणाच्या घरचे झालो नाही काय?

अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य पुनरुत्थित प्रभूला न ओळखता विचारतात, यरुशलेमेत तूच एकटा असा परका आहेस काय? लूक तेथे जे क्रियापद वापरतो, ते 'पारॉइकिया' याच कुळातील आहे. मृत्यूवर जय मिळविलेला प्रभू त्यांना प्रथम भेटला तो उपरी म्हणून. त्यांनी त्याला आग्रहाने आपल्या घरी थांबवून घेतले नसते, तर भाकर मोडली गेली नसती आणि डोळेही उघडले नसते. दाराजवळचे कुंड, मधली वाट व शेवटचे मेज ही सारी रचना त्या एका संध्याकाळचीच आठवण आहे. येत्या रविवारी मंदिरात शिराल तेव्हा क्षणभर दारापाशी थांबा, आणि आपल्यामागून कोण येत आहे ते पाहा.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ती २३ व इफिस २ हे दोन्ही भाग वाचा. आपण कोणत्या अर्थाने परके आहोत व कोणत्या अर्थाने नाही?
२. आपल्या मंदिराची रचना दारापासून मेजापर्यंत चालत पाहा. तिच्यावरून नवागताला सुवार्ता कळेल काय?
३. आपल्या मंदिराची बांधणी, समर्पण व जुन्या नोंदवह्या यांची माहिती मंडळीतील तरुणांनी लिहून काढली आहे काय? नसल्यास हे काम कोण हाती घेईल?
४. गेल्या वर्षभरात आपल्या उपासनेस आलेल्या किती परक्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत?